दोन विरुद्ध एक

हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं ती उत्तरा माझी मावसबहीण, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. लहानपणी सुट्टीत आम्ही भुताच्या गोष्टी काढल्या की "झोपा आता" म्हणून भिंतीकडे तोंड करून खरंच झोपणारी ती एकटीच. त्यामुळे तिने मला हे सांगितलं तेव्हा माझीच जास्त तंतरली.

रात्र नव्हती. अमावस्या वगैरेही नव्हती.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, रविवार, भर दुपार. मुलुंड पश्चिमेला एलबीएस रोडच्या मागे एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिथल्या चौथ्या मजल्यावरचा गाळा.

उत्तराची कंपनी छोटी आहे. नाव सांगत नाही. लिफ्ट चालवणारा प्रोग्राम बनवतात. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, कधी नाही… ते सगळं.

आता थोडं सोसा, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बँकेत आहे, मलाही उत्तराने दोनदा समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं.

प्रोग्राम माणूस लिहितो, मशीनला तो तसा कळत नाही. मधे एक दुभाषा लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. ढळढळीत चूक असेल तर तो काम थांबवतो. नुसती शंका असेल तर काम करून देतो, पण कुरकुरतो. ती कुरकुर म्हणजे वॉर्निंग. कुठल्या शंकेवर बोलायचं आणि कुठल्या शंकेवर तोंड बंद ठेवायचं, हे त्याला आधी सांगून ठेवता येतं. तो हुकूम म्हणजे फ्लॅग.

यांच्याकडे कंपायलर तीन. त्यांना घरगुती नावं होती. लिफ्टची चिप बनवणाऱ्यांनी दिलेला जुना, तो थोरला. जीसीसी नावाचा तो मधला. क्लँग नावाचा नवा, तो धाकटा. थोरला जवळजवळ मुका. मधला मोजकं बोलणारा. धाकटा भांडकुदळ, त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची. शिवाय तिघांचे फ्लॅग वेगळे. धाकट्याला "गप्प बस" सांगितलेलं मधल्याला कळेलच असं नाही.

प्रत्येक बदल तिघांकडून जायचा. टेस्टमध्ये एकाचीही वॉर्निंग आली तर टेस्ट नापास.

हा नियम कुंडलिक वाहुळे यांचा. ही घरगुती नावंही त्यांचीच.

वाहुळे सर उत्तराचे सीनियर. मूळचे हिंगोलीकडचे, मानखुर्दला राहायचे. बोलणं कमी, पण हट्टी माणूस. लिफ्ट मजल्यावर पोचली की "टिंग" वाजते ना, ती खरी घंटी त्यांनी टेबलावर आणून बसवली होती आणि कॉम्प्युटरला वायरने जोडली होती. कुठल्याही कंपायलरने कुरकुर केली की ती वाजायची. स्क्रीनवरची ओळ माणूस नजरेआड करतो, कानावर पडलेलं करत नाही, असं ते म्हणायचे. घंटी वाजत असताना ते कोणाला घरी जाऊ देत नसत. पोरं वैतागायची. उत्तराही वैतागायची.

आणि मग ते गेले. त्या नोव्हेंबरच्या दोन वर्षं आधी.

मानखुर्दला त्यांच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये या कंपनीच्या प्रोग्रामवर चालणारी लिफ्ट बसत होती. त्यांनीच शब्द टाकून सोसायटीला तयार केलं होतं. सोळा मजल्यांची बिल्डिंग, दोन लिफ्ट, त्यातली एक यांची. सुरू व्हायच्या आधी एका रविवारी ते एकटेच काहीतरी तपासायला गेले. अकराव्या मजल्यावर दार उघडलं… आणि आत लिफ्ट नव्हती.

ती तळमजल्यावर उभी होती.

दार बाहेरून उघडायची किल्ली त्यांच्या पॅंटच्या खिशात सापडली. त्यांनीच दार उघडलं असणार, स्वतःचा निष्काळजीपणा, असा निष्कर्ष निघाला. नंदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हे कधी मानलं नाही. पण त्यांना विचारतंय कोण?

त्या लिफ्टला कुलूप लागलं. मालकांनी, म्हणजे विद्याधर सरांनी, घंटीची वायर काढली. घंटी माळ्यासारख्या उंच फळीवर गेली. वॉर्निंगचा नियम तसाच राहिला, पण गप्प करणाऱ्या फ्लॅगची एक लांबलचक रांग तिघांच्या सामाईक फाईलमध्ये येऊन बसली. ती रांग कोणी वाचायचं नाही. टेस्ट हिरव्या दिसत होत्या, सगळे वेळेवर घरी जात होते.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी उत्तरा ऑफिसला गेली, कारण सोमवारी मानखुर्दची ती लिफ्ट पुन्हा सुरू होणार होती.

दोन वर्षांनी. नव्या प्रोग्रामसह. तिन्ही कंपायलरच्या टेस्ट पास झाल्याचा रिपोर्ट पाठवायचा, एवढंच काम. तिची सही लागणार होती. त्या बिल्डिंगमधली शेकडो माणसं तिच्या सहीवर वरखाली करणार होती, आणि त्यांत नंदावहिनी होत्या.

इस्टेट बंद होती. खालच्या मजल्यावरचे लेथ बंद. समोरचं पॅकिंगचं युनिट बंद. रोज ज्या आवाजाने डोकं उठतं तो आवाजच नव्हता, आणि तो नसणं तिला पहिल्यांदा जाणवलं.

तिने टेस्ट लावल्या. थोरला हिरवा. मधला हिरवा. धाकटा…

टिंग.

तिने मान वर केली. फळीवर घंटी होती. तिच्या वायरचं भेंडोळं करून त्याला रबरबँड लावलेला होता. दोन्ही टोकं लोंबत होती.

धाकटाही हिरवाच होता.

बाजूच्या गाळ्यात काहीतरी वाजलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं. उत्तराच ती. पुन्हा टेस्ट लावल्या.

टिंग.

या वेळी तिने स्क्रीन नीट पाहिला. तिघंही पास. पण मधल्याच्या खिडकीत एक ओळ आली होती. इंग्रजीत होती, अर्थ असा: हा अमुक फ्लॅग मला ओळखीचा नाही. वर दिलेली वॉर्निंग गप्प करण्यासाठी तो दिलेला असावा.

ही ओळ तिच्या ओळखीची होती. मधल्याची ही खोडच आहे. "गप्प बस" सांगणारा फ्लॅग त्याला कळला नाही तरी तो एरवी चकार शब्द काढत नाही. पण दुसरी कुठली तक्रार करायची वेळ आली, की तक्रारीच्या खाली हेही ऐकवतो. म्हणजे ही ओळ एकटी येत नाही. आधी वॉर्निंग, मग ही.

तिने वर पाहिलं.

वर काहीच नव्हतं.

रिकामी जागा होती फक्त. कोणीतरी काहीतरी बोललं होतं, त्याला गप्प केलं गेलं होतं, आणि मधला तेवढंच सांगत होता. काय बोललं होतं ते नाही.

तिने जुने निकाल उघडून पाहिले. आदल्या आठवड्यात ही ओळ नव्हती. शुक्रवारीही नव्हती. आणि तेव्हापासून प्रोग्रामला कोणी हात लावला नव्हता.

मग तिने तेच केलं जे आपण सगळे करतो. कुठल्याही विषयावर अवाक्षर काढू नका, असा सरसकट हुकूम मधल्याला देता येतो. तो दिला. ती एकच ओळ जावी, रिपोर्ट पाठवावा आणि घरी जाऊन जेवावं, एवढंच तिच्या मनात होतं. टेस्ट लावल्या.

टिंग… टिंग… टिंग…

आणि तीच ओळ. तीच रिकामी जागा.

 खुर्ची सरकवून ती उठली आणि तिने इंटरकॉमवरून धाकूला वर बोलावलं. धाकू इस्टेटचा वॉचमन, सावंतवाडीकडचा, याच पावसाळ्यात कामाला लागलेला. कोणीतरी माणूस समोर हवं होतं, बस. तो आला, दारातच उभा राहिला. कुठे बेल वाजतेय का, असं तिने विचारलं. आपल्याला काही ऐकू आलं नाही म्हणाला. चहा आणून देतो म्हणाला. जायला वळला आणि सहज, अगदी सहज, त्याने विचारलं.

"त्या मागच्या सायबांका पण च्या सांगू काय?"

उत्तरा मागे वळली नाही.

तिच्या मागे फळीखालचं टेबल होतं. वाहुळे सरांचं.

"एकच सांग," ती म्हणाली.  धाकू गेला. चपलांचा आवाज जिन्यात उतरत गेला आणि थांबला.

शेवटी तिने वळून पाहिलं. टेबल रिकामं. खुर्चीही रिकामी… पण ती बाहेर ओढलेली होती, माणूस बसतो तेवढी. सकाळी ती आत होती. उत्तरानेच आल्यावर तिच्या पाठीवर ओढणी टाकली होती, आणि ओढणी आता घडी करून टेबलावर ठेवलेली होती.

तिने विद्याधर सरांना फोन लावला. ते घाटकोपरला घरी होते, मागे टीव्ही चालू होता. तिने खुर्चीचं सांगितलं नाही. ओळीचं सांगितलं. फ्लॅगचं नाव वाचून दाखवलं. ते चिडले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात बोलले. तो फ्लॅग धाकट्यासाठी आहे, मधल्याला कळत नाही, म्हणून बडबडतोय, तू रिपोर्ट पाठव. तिने विचारलं, की धाकट्याची कुठली वॉर्निंग गप्प करायला तो लावला होता? ते म्हणाले, जुनी गोष्ट आहे. वाहुळे त्यावर अडून बसला होता. थोरल्याला काही वाटत नव्हतं, मधल्याला काही वाटत नव्हतं, एकटा धाकटा ओरडत होता.

"दोन विरुद्ध एक," ते म्हणाले. "मी त्यालाही हेच सांगितलं होतं."

हे शब्द उत्तराने पूर्वी एकदा ऐकले होते. विद्याधर सरांच्या केबिनच्या काचेमागून. आतमध्ये वाहुळे सर उभे होते. कशावरून वाद चाललाय ते तेव्हा तिला कळलं नव्हतं.

टिंग.

 फोनवर मागचा टीव्ही बंद झाला.

"उत्तरा, वायर कोणी जोडली?"

"कोणीच नाही, सर."

 ते एवढंच म्हणाले, "बंद कर सगळं. रिपोर्ट पाठव आणि घरी जा." आणि फोन ठेवला.

ती निघू शकली असती. बॅग खांद्याला लावलीही होती. नोकरी जाईल ही भीती होती, घराचा हप्ता होता, आणि पाठीमागे ती खुर्ची होती. पण सोमवारी नंदावहिनी त्या लिफ्टमध्ये शिरतील हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने बॅग खाली ठेवली.

फाईल उघडली. रांगेतला तो एक फ्लॅग खोडला. फक्त तो एक. आणि धाकट्याला चालवलं.

धाकटा बोलला.

एकच वॉर्निंग होती. दाराचं कुलूप सोडणाऱ्या भागात. वीज जाऊन परत आली की प्रोग्राम विचारतो, लिफ्ट या मजल्यावर आहे का? उत्तर एका जागी लिहिलं जातं, आणि ते वाचून दार उघडतं. पण सेन्सरने उत्तरच दिलं नाही, तर त्या जागेत कोणी काही लिहीत नव्हतं. जागा कोरी राहायची. कोरी म्हणजे रिकामी नव्हे, आधीचा जो काही कचरा पडलेला असेल तो. बहुतेक वेळा तो कचरा म्हणजे "नाही" असायचा, म्हणून वर्षानुवर्षं काही झालं नाही. पण कधीतरी तो कचरा "हो" असणार होता. मग लिफ्ट नसतानाही दार उघडणार होतं.

थोरल्याला हे दिसत नव्हतं. मधल्याला या ऑफिसच्या पद्धतीने चालवलं तर दिसत नव्हतं. धाकट्याला दिसत होतं, आणि त्याचंच तोंड बांधलं होतं.

वाहुळे सर दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी वीज घालवून परत आणून हेच बघायला गेले होते. किल्ली खिशातच होती. त्यांनी ती काढलीच नव्हती.

उत्तरा तिथेच बसून रडली. भीतीने नाही. दोन वर्षं एका चांगल्या माणसाच्या नावावर निष्काळजीपणाचा शिक्का होता, आणि तो पुसायला एक ओळ पुरली असती, याचं तिला फार वाईट वाटलं.

दुरुस्तीही एका ओळीची. सुरुवातीलाच त्या जागेत "नाही" लिहून ठेवायचं. तिने लिहिलं. तिघांना चालवलं. धाकटा गप्प, या वेळी खरा गप्प. मधल्याची ती ओळ गेली. घंटी वाजली नाही.

धाकू चहा घेऊन आला तेव्हा त्याने आत डोकावून पाहिलं आणि मागचे साहेब कधी गेले म्हणून विचारलं. ती म्हणाली, आत्ताच.

तिने रिपोर्टवर सही केली नाही. जे सापडलं ते सगळं लिहून विद्याधर सरांना पाठवलं, आणि तेच सोसायटीच्या सेक्रेटरींनाही. सर भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते, असं ती म्हणते. सोमवारची लिफ्ट थांबली. नवा प्रोग्राम तपासून बसवायला डिसेंबर संपला. उत्तरा स्वतः मानखुर्दला जाऊन उभी राहिली. शंभर वेळा वीज घालवली, परत आणली. दार एकदाही चुकलं नाही, तेव्हा तिने सही केली. वाहुळे सरांच्या नावावरचा ठपका काढायचा अर्जही गेलाय, त्याचं काम सरकारी चालीने चाललंय.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती.

फेब्रुवारीत ती नंदावहिनींना भेटायला गेली. तुमच्या नवऱ्याची चूक नव्हती, हे फोनवर सांगून झालं होतं, पण समोर बसून सांगायचं राहिलं होतं. ती यांच्याच लिफ्टने अकराव्या मजल्यावर, वहिनींच्या घरी गेली. छान चालत होती. आत दोन शाळेच्या मुली होत्या, एक भाजीच्या पिशव्यावाली बाई होती.

वहिनी घरी नव्हत्या. ती दारात थांबली. थोड्या वेळाने त्या आल्या, जिन्याने. दुधाची पिशवी हातात, दर चार पायऱ्यांवर थांबत. त्यांचे गुडघे गेलेत. शेजारची लिफ्ट बंद होती त्या दिवशी, पण ही चालू होती. अकरा मजले चढून त्यांना धड बोलता येत नव्हतं.

उत्तराने त्यांना पाणी दिलं. मग सगळं नीट समजावून सांगितलं. काय चूक होती, कशी काढली, किती वेळा तपासली. आता निर्धास्त लिफ्टने येत-जात जा, वहिनी, असं म्हणाली.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली.

"मी नाही जात त्यातनं," त्या म्हणाल्या. "हे उभे असतात ना दारात. हात आडवा धरून."

उत्तराला वाटलं, दुःखाने असं होतं माणसाला. तिने त्यांचा हात धरला. "पण वहिनी, ती चूक आता नाहीये. मी स्वतः काढली."

नंदावहिनींनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, साधं विचारावं तसं विचारलं.

"मग बाई, ते अजून का उभे असतात?"

उत्तरा जिन्याने खाली उतरली. प्रत्येक मजल्यावर तिला बंद दारामागून लिफ्ट जाताना ऐकू येत होती. माणसं हसत होती, बोलत होती.

त्यानंतर तिने गप्प करणारे सगळे फ्लॅग काढले. एकूण एक. शेकड्याने वॉर्निंग आल्या, आठवडे घालवून तिने एकेक निस्तरली. विद्याधर सरांनी एका शब्दाने अडवलं नाही. आता तिघंही बोलायला मोकळे आहेत, आणि तिघांनाही काही खटकत नाही. तिने आणखी एक चौथा कंपायलर आणून बघितला. तोही गप्प.

लिफ्ट बंद करा, असं तिने सोसायटीला सांगून पाहिलं. त्यांनी कारण विचारलं. काय सांगणार? सगळ्या टेस्ट पास आहेत, आणि तसं लिहिलेल्या कागदावर तिचीच सही आहे.

परवा तिचा फोन आला होता. रोज कामावर निघायच्या आधी ती नंदावहिनींना फोन करते आणि एकच गोष्ट विचारते, की आज दिसले का?

अजून रोज दिसतात.

बिल्डिंगचं नाव मी लिहिणार नाही, उगाच लोक घाबरतील. पण तुम्ही मानखुर्दला राहत असाल, बिल्डिंग सोळा मजल्यांची असेल आणि अकराव्यावरची एक बाई गुडघे धरत जिना चढताना दिसली, तर तिला हसू नका. तिच्या मागोमाग चढा.